पेन्सिलीएवढी नळी

“एक दाढ उपटून झाली. आता काय अख्खा जबडा काढून कपाटात ठेवायचाय?” नवरा ताटावरून उठता उठता म्हणाला.

“मी कुठे म्हणाले? दुसऱ्या डेंटिस्टकडे जाऊ असं तुम्हीच म्हणताय.”

“मग! ह्यानं नाही म्हटलं तर माणूस दुसऱ्याकडेच जाणार ना! तीन आठवडे गालाला हात लावून बसलीयस. मला बघवत नाही. आणि मला टेन्शन घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.”

“तुम्हाला कुणी आग्रह केलाय घ्यायचा?”

“आई, अ‍ॅसिडिटी असेल,” मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

“अ‍ॅसिडिटी दाढेत होते?” सुनेनं विचारलं.

“कुठेही होते. नेटवर बघ.”

वाट्या एकात एक घालत असलेली ती मध्येच थांबली. दुपारी डेंटिस्टनं तोंडात आरसा घालून, इकडे ठोकून तिकडे ठोकून शेवटी हात जोडले होते. ‘बाई, दात ठणठणीत आहे. मी काढणार नाही. आणि खरं सांगू? आधीचाही चांगलाच असावा असं आता मला वाटायला लागलंय.’ तेव्हापासून एक वाक्य तिच्या तोंडात घोळत होतं. ते तिनं आता टाकलं.

“मला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचंय.”

मुलानं फोन खाली ठेवला.

“कुणाचं?” नवऱ्यानं विचारलं.

“माझं.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू आपण क्षणभर उठलो तेवढ्यात कुणीतरी आपल्या खुर्चीत येऊन बसलंय.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. आठ वर्षांपूर्वी बस चालवता चालवता त्याच्या छातीत कळ आली, त्यानं गाडी कडेला लावली, ब्रेक ओढला आणि मगच स्टिअरिंगवर डोकं टेकलं. चाळीस उतारू वाचले, तोही वाचला, आणि त्या दिवसापासून घर त्याच्या छातीभोवती फिरायला लागलं. मीठ कमी झालं, तेल मोजून आलं. त्याच्यासाठी सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा ठरला, फिरायला जायचे बूट आले, सात खणांची गोळ्यांची डबी आली. ती डबी दर रविवारी तीच भरायची. घरात ‘पेशंट’ म्हटलं की तो. ‘पेशंट झोपलेत’, ‘पेशंटचं जेवण झालं का?’ तिची दुखणीही होती की. पण तिचं ते पित्त, तिचे ते गुडघे, तिची ती दाढ. हृदय घरात एकच होतं, आणि ते नवऱ्याचं होतं.

“तुला छातीत दुखतं?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग!” त्यानं हात झटकले. “हार्ट काय असतं ते मला विचार. छातीवर हत्ती बसतो, हत्ती! दाढेत बसत नाही.”

“चढताना दुखते,” ती म्हणाली. “जेवताना नाही. आत्ता त्याच बाजूनं जेवले तुमच्यासमोर. पंपघरातल्या टाकीचा जिना चढले की दुखते. इथले तीन मजले चढले की दुखते. दाढेला जिना कसा कळतो, ते सांगा मला.”

मुलानं पुन्हा फोन उचलला. सून तेवढी तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

*

शहराला पाणी देणाऱ्या पंपघरात ती तेहतीस वर्षं होती. लागली तेव्हा झाडूवाली म्हणून. चार पंप, चार मोटरी, भिंतीला टेकलेलं एक टेबल, त्यावर लॉगबुक, आणि सगळ्यावर सतत घुमणारा आवाज. पहिले पंधरा दिवस तिचं डोकं उठलं. सोळाव्या दिवशी झाडता झाडता ती तीन नंबरपाशी थांबली आणि म्हणाली, “हा आज वेगळं बोलतोय.”

फिटरमामा तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, खिशातून वीतभर लांबीचा एक लाकडी दांडा काढला, त्याचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं आणि दुसरं स्वतःच्या कानामागच्या हाडावर. बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी तीन नंबर बंद केला. उघडून पाहिला तर बेअरिंगमधली एक गोळी चिरलेली. दोन दिवसांत पंप जॅम झाला असता.

तिसऱ्या दिवशी मामांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि दांडा दिला. तेव्हापासून तिचं नाव पडलं कानवाली. साहेब लोक बदलले, मोटरी बदलल्या, भिंतीवर आकडे दाखवणारे पडदे आले. पण नवा इंजिनिअर आला की पहिल्या महिन्यात एकदा तरी तो पडद्याकडे बोट दाखवून ‘सगळं नॉर्मल आहे बाई’ असं म्हणायचाच, आणि दुसऱ्या महिन्यात तिला ‘कानवाली, जरा ऐका हो’ म्हणत बोलवायला यायचा.

मामांनी जाता जाता तिला एकच गोष्ट शिकवली होती. प्रत्येक पंपाला एक बारीक नळी असते. पंपाचा शाफ्ट फिरून फिरून तापू नये म्हणून पंपानं उचललेल्या पाण्यातलंच थोडं पाणी ती नळी पुन्हा पंपाकडे आणून सोडते. पेन्सिलीएवढी जाड, फार नाही. “शहराकडे जाणारा मोठा पाइप सगळेच बघतात,” मामा म्हणाले होते, “तू हिच्याकडे बघ. ही चोंदली तरी पंप चालतो. आवाज चांगला, प्रेशर चांगलं, लोकांच्या नळाला पाणी. आणि एक दिवस जोर पडला की जळतो. मग सगळे म्हणतात, अहो काल तर चांगला होता!”

ती रोज सकाळी चारही नळ्यांना हात लावायची. थंड असल्या की पुढचं काम.

परवाच्या सोमवारी दोन नंबर दुरुस्त होऊन आला. रिकामा फिरवला तर अगदी मांजरासारखा गुरगुरला. साहेबांना वाटलं, झालं काम. तिनं व्हॉल्व्ह उघडायला लावला, पाण्याचा भार आला, आणि पंप कण्हायला लागला. तिनं लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘रिकामा चांगला. लोडवर कण्हतो. पुन्हा उघडणे.’

लिहिता लिहिता तिची नजर त्याच पानावर वर गेली. ‘दा.’ असं बारीक अक्षर. दाढ दुखली की वेळेसमोर ‘दा.’ लिहून ठेवायची सवय तिला तीन आठवड्यांपूर्वी लागली होती. डेंटिस्टनंच विचारलं होतं, कधी दुखते ते बघून सांगा. तिनं मागची पानं उलटली. सहा वीस, दा. सहा वीस, दा. सहा पंचवीस, दा. टाकीची पातळी बघायला ती रोज सव्वासहाला बहात्तर पायऱ्या चढायची. मधले दोन दिवस कोरे होते. का कोरे? जिन्याला रंग देत होते म्हणून ती वर गेलीच नव्हती.

गेले दोन महिने वर पोचल्यावर कठड्याला धरून दम खायला लागायचा, दोन खांद्यांच्या मधे कुणी बोट दाबल्यासारखं व्हायचं, कपाळ ओलं व्हायचं. ते सगळं तिनं वयाच्या, वजनाच्या आणि पित्ताच्या खात्यावर टाकून दिलं होतं. दुसऱ्या कुणाचं यंत्र असतं तर तिनं एवढं सोसलं नसतं.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत उभी राहिली. रिकामा चांगला. लोडवर कण्हतो.

*

नवऱ्याचे डॉक्टर तिला आठ वर्षं ओळखत होते, म्हणजे ‘मिसेस’ म्हणून ओळखत होते. पेशंटनं मीठ खाल्लं का, पेशंट चालतो का, हे ते तिलाच विचारायचे. त्या दिवशी खुर्चीत ती बसली आणि मागे सून उभी राहिली, तेव्हा ते दाराकडे बघत म्हणाले, “मिस्टर येतायत ना?”

“ते घरी आहेत. मला दाखवायचंय.”

त्यांनी तिला आडवं करून छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, चष्मा वर करून पाहिली. “अगदी छान. मिस्टरांपेक्षा छान! छातीत दुखतं?”

“नाही.”

“मग कशाला घाबरता? घरात पेशंट असला की बायकांना असं होतं. काळजी करून करून स्वतःलाच सगळं व्हायला लागतं. गोळी देतो पित्ताची.”

ती उठून बसली. एरवी तिनं गोळी घेतली असती, ‘थँक्यू’ म्हटलं असतं आणि येताना नवऱ्याच्या गोळ्याही घेतल्या असत्या. पण नव्या इंजिनिअरांशी तेहतीस वर्षं भांडून तिच्या जिभेला एक वळण पडलं होतं.

“डॉक्टर, हा कागद तुम्ही मला झोपवून काढलात ना?”

“मग? उभं करून काढतात?”

“रिकामा पंप कधी ओरडत नाही,” ती म्हणाली. “मला लोडवर घेऊन बघा.”

डॉक्टर हसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. “म्हणजे?”

तिनं पर्समधून कागद काढून समोर ठेवला. लॉगबुकातून उतरवून आणलेला. तारीख, वेळ, पायऱ्या, दा. रंगकामाचे दोन दिवस कोरे. थांबल्यावर किती मिनिटांत दुखणं जातं तेही: दोन, दोन, तीन, दोन, परवा चार.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. त्यांनी पित्ताच्या गोळीची चिठ्ठी फाडली. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत, छातीत दुखतं का. छातीत नाही दुखत.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझंच चुकलं. बायकांचं बरेचदा छातीत नसतंच. जबड्यात असतं, पाठीत असतं, नुसता दम असतो, नुसतं मळमळणं असतं. मला माहीत आहे हे.” आणि मग स्वतःशीच, “माहीत आहे, आणि तरी.”

गुरुवारची तपासणी त्यांनी स्वतः फोन करून ठरवली. तोवर टाकीचा जिना बंद, घरचा बसत बसत चढायचा, ह्या गोळ्या लगेच सुरू, हा फवारा जवळ ठेवायचा, दुखलं तर बसून जिभेखाली मारायचा. आणि बसल्या जागी दुखायला लागलं किंवा फवाऱ्यानं थांबलं नाही तर कुणाला विचारत बसायचं नाही, सरळ अँब्युलन्स. सुनेनं सगळं लिहून घेतलं आणि फवारा सासूच्या पर्समध्ये न टाकता तिच्या ब्लाउजच्या खिशात घातला. “पर्स तुम्ही कुठेही विसरता,” ती म्हणाली. सासूनं हे ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

*

तपासणीची खोली अंधारी आणि थंड होती. डॉक्टर तरुण बाई होती, आखूड केसांची. आधी तिनं प्रश्न विचारले, आणि ते विचित्र होते.

“पाळी कधी गेली?”

“आठ वर्षं झाली. मिस्टरांना अ‍ॅटॅक आला त्याच वर्षी. त्या गडबडीत कधी गेली ते लक्षातही नाही आलं.”

“बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?”

“मुलाच्या वेळी. पाय सुजले होते, शेवटचा महिना झोपूनच होते. पण त्याला आता एकतीस वर्षं झाली हो. मुलगा झाला नि सगळं जागच्या जागी आलं.”

“तुम्हाला वाटलं, आलं,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली. “रक्तवाहिन्या विसरत नाहीत. त्यानंतर दरवर्षी बीपी बघायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही?”

कुणी सांगितलं नव्हतं. बारशाच्या घुगऱ्यांपासून बाळाच्या टोपड्यापर्यंत सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. हे तेवढं नाही. एकतीस वर्षं कुणीतरी आत बसून ती नोंद ठेवली होती, ह्या विचारानं ती चकित झाली. तिचं स्वतःचं लॉगबुकही दर दहा वर्षांनी रद्दीत जायचं.

मग तिला कुशीवर झोपवून बरगड्यांवर थंड जेली लावून डॉक्टरनं यंत्राचं टोक टेकवलं. आणि समोरच्या पडद्यावर ते आलं.

आधी नुसतं करडं धुकं. मग धुक्यात काहीतरी उघडलं आणि मिटलं. उघडलं आणि मिटलं. दोन पातळ पापण्या, कागदाहून पातळ, आत वळायच्या आणि अलगद टेकायच्या, एक थेंब मागे येऊ न देता. व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह तिनं हजार पाहिले होते, पितळी, लोखंडी, रबरी, हाताहून जाड. दोन वर्षं टिकला तर साहेब खूश. असला तिनं पाहिला नव्हता.

“हे माझं आहे?” तिनं विचारलं.

“तुमचंच. मुठीएवढं असतं.”

“दिवसाला किती वेळा उघडतो हा?”

“लाखभर वेळा.”

“आणि पाणी किती... रक्त किती उचलतं?”

“सात हजार लिटरच्या आसपास. रोज.”

गच्चीवरच्या काळ्या टाक्या तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. हजार लिटरची एक. एक, दोन, तीन... सात. रोज. मुठीएवढ्या पंपानं. सत्तावन्न वर्षं.

“ह्याला स्टँडबाय?”

“नाही.”

“मग बंद कधी करतात? तेलपाण्याला?”

“कधीच नाही.” डॉक्टर आता हसत होती. “दोन ठोक्यांच्या मधे जेवढं थांबतं, तेवढीच त्याची विश्रांती. आणि गंमत माहितीये? स्वतःसाठीचं रक्त ते बहुतेक त्या थांबण्यातच घेतं. सगळ्या अंगाला पोचवून झालं, की मग.”

डॉक्टरनं एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. फस्स-ढप्. फस्स-ढप्. तिचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला, दांडा शोधायला. तिनं डोळे मिटले. जगातला एकही पंप असा बोलत नव्हता. कुठे खरखर नाही, कुठे घासणं नाही. ह्यानं तिला बहात्तर पायऱ्या चढवल्या होत्या, रोज. बाळंतपण निभावलं होतं. नवरा इस्पितळात होता तेव्हा अकरा दिवस ती बाकावर बसून होती, तेव्हा हे असंच चाललं होतं, फस्स-ढप्, आणि तिनं एकदाही ह्याच्याकडे कान दिला नव्हता. चार पंपांना ती ‘चल रे’, ‘काय झालं रे तुला’ म्हणायची. ह्याला अरे-तुरे करायला तिची जीभ उचलेना.

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “मला माहीतच नव्हतं हो.”

“बाबांना फोन लावू?” कोपऱ्यातून सुनेनं विचारलं.

“त्यांना नाही गं.”

मग तिला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा वेग घेऊ लागला, चढ वाढला. पाचव्या मिनिटाला खांद्यांच्या मधे बोट आलं. सहाव्याला दाढ. निघून गेलेली दाढ, तीन आठवड्यांपूर्वी कचऱ्यात गेलेली, ती ठणकायला लागली. “दा.,” ती धापा टाकत म्हणाली. डॉक्टरनं पट्टा थांबवला, तिला झटकन पुन्हा कुशीवर घेतलं आणि यंत्र टेकवलं.

“इथे बघा.”

तिला दाखवायची गरज नव्हती. सगळ्या भिंती जोरात आवळत होत्या, आणि पुढच्या भिंतीचा एक तुकडा मागे पडत होता. थांबलेला नव्हता. दमलेला होता. दर ठोक्याला उचलायला जायचा आणि अर्ध्यावर राहायचा, आणि पुन्हा उचलायला जायचा.

“त्याची स्वतःची नळी चोंदलीय,” ती म्हणाली.

डॉक्टरनं मान वळवली. “काय?”

“ह्याला स्वतःला पाणी देणारी. पेन्सिलीएवढी.”

“पेन्सिलीहून बारीक,” डॉक्टर म्हणाली. क्षणभर तिनं यंत्र तसंच धरून ठेवलं. “हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागतो. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“फिटरमामांनी.”

तुकडा हळूहळू बाकीच्यांच्या बरोबरीनं यायला लागला होता. दाढ शांत होत होती. डॉक्टर सुनेला सांगत होती: सोमवारी सकाळी सातला दाखल व्हायचं. मनगटातून तार घालून नळी नेमकी कुठे चोंदलीय ते बघू, जमलं तर तिथेच उघडू. अजून काही मेलेलं नाही, नुसतं उपाशी आहे. सोमवारच्या पलीकडे ढकलायचं नाही. मधे काही झालं तर सोमवारचीही वाट बघायची नाही.

ती ऐकत होती, पण नजर पडद्यावरच होती. बंद करेपर्यंत ती बघत राहिली. उघडलं आणि मिटलं.

*

तीन मजले चढायला त्या दोघींना पाव तास लागला. दर मजल्यावर सून पायरीवर रुमाल अंथरायची आणि म्हणायची, “बसा.” ती बसायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या जिन्यात बसली होती. दुसऱ्या मजल्यावर तिनं दोन बोटं मनगटावर ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

नवरा खिडकीकडच्या कोपऱ्यात ताठ बसला होता. सुनेनं फोनवर सगळं सांगितलं होतं. त्याच्या मांडीवर सात खणांची डबी होती आणि रविवार नसतानाही तो ती उघडझाप करत होता.

“मी काय म्हणतो,” तो घाईघाईनं म्हणाला, “पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहेच. तेव्हाच दोघांचं एकदम करून टाकू. एकाच खेपेत. मी बरोबर असेन, मला सगळं माहितीये तिथलं, कुठली लिफ्ट, कुठलं काउंटर...” त्यानं डबी खटकन मिटली. “एकटी कशी जाशील तू?”

“आई, सोमवारी नेमकं माझं...” मुलानं सुरुवात केली. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाक्य गिळलं.

ती खुर्चीत बसली. चपला काढल्या. पंप उघडायचा म्हटलं की साहेब लोक नेहमी हेच म्हणायचे: पुढच्या महिन्यात बघू, आत्ता चाललाय ना? आणि ती दरवेळी तेच करायची. वाद घालायची नाही. फळ्यावर सूचना लिहायची आणि शहराला कळवून टाकायची.

“येताना पंपघरात माझ्या रजेचा अर्ज देऊन आलेय,” ती म्हणाली. “आता तुम्हीही ऐका. सोमवारी सकाळी सातपासून ह्या घरातला पुरवठा बंद राहील. दुरुस्तीचं काम आहे. पुन्हा कधी सुरू होईल ते दुरुस्ती करणारे सांगतील. तोवर आपापलं भरून ठेवा.”